मान्यताप्राप्त चेहरा

दुपारी अडीच वाजता सुईणबाईंनी स्वयंपाकघरातलं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं आणि नवऱ्याच्या संगणकाशेजारी आणून उभं केलं. वीस वर्षं बायकांच्या कळा मोजलेल्या माणसाला वेळ दाखवायला तोंड वाजवावं लागत नाही.

“बघतोय मी,” नवरा म्हणाला.

“नऊ दिवस बघताय. पाच वाजता बघणंही बंद.”

नवरा नगर वाचनालयात ग्रंथपाल होता. गल्लीत त्याला मुक्तात्मा म्हणत. संगणकासाठी विकतची सिस्टीम घेणं म्हणजे जन्मभर भाड्याच्या घरात राहणं आणि मोकळी सिस्टीम म्हणजे स्वतःचं घर, हे तो लग्नकार्यात, रांगेत आणि दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून बसलेला असतानाही समजावून सांगत असे. सांगण्यात खोटं काही नव्हतं. मोकळी सिस्टीम फुकट मिळे, कुणालाही उघडून आतलं बघता येई, भंगारात निघालेल्या यंत्रावरही ती गुमान चाले. तिला एकच अडचण होती, ती म्हणजे जग.

बाईंचा परवाना आज पाच वाजता संपत होता. दर तीन वर्षांनी सुईणींना परवाने देणाऱ्या परिषदेच्या कचेरीत जायचं, फॉर्म द्यायचा, कारकुनाने एकदा फॉर्मावरच्या फोटोकडे आणि एकदा तोंडाकडे बघून शिक्का मारायचा, ही जुनी रीत. यंदापासून कारकुनाच्या जागी पोर्टल आलं होतं, आणि तोंडाकडे बघायला एक प्लगिन. प्लगिन म्हणजे ब्राउझरला चिकटवायचा छोटा प्रोग्राम. हा एका खासगी कंपनीने केलेला होता आणि फक्त विकतच्या सिस्टीमवर चालत होता. ग्रंथपालाच्या पडद्यावर नऊ दिवस एकच वाक्य ठाण मांडून बसलं होतं: ‘आपली प्रणाली मान्यताप्राप्त नाही. कृपया मान्यताप्राप्त प्रणाली वापरा.’ त्यातला ‘कृपया’ त्याला विशेष झोंबत होता.

पाचच्या आत अर्ज गेला नाही तर नवा अर्ज, नवी परीक्षा, आठ महिने. तोवर कुणाच्या बाळंतपणाला हात लावला तर गुन्हा. आणि इकडे बेकरीवाल्याच्या सुनेचे दिवस भरले होते. तिचं पहिलं मूल पायाळू निघालं होतं, ते बाईंनी सुखरूप बाहेर आणलं होतं. तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाला पोटाला हात लावू देत नव्हती. रुग्णालय नदीपलीकडे, तासाभराच्या वाटेवर.

“तिला आज कळा सुरू झाल्या तर?” बाईंनी विचारलं.

“आज नाही होणार.”

“तिला कळवलंत का तसं?”

ग्रंथपालाने मदतकक्षाला फोन लावला. आज सहाव्यांदा. पलीकडच्या मुलीचा आवाज गोड होता, आणि गोड आवाजाची माणसं काही करू शकत नसतात हे त्याला आता कळून चुकलं होतं.

“सर, दुसरा संगणक वापरून बघा ना.”

“दुसरा म्हणजे?”

“म्हणजे मान्यताप्राप्त.”

“बाई, मोकळ्या सिस्टीमसाठी प्लगिन लवकरच येणार असं तुमच्या पोर्टलवर लिहिलंय.”

“हो सर.”

“लवकरच म्हणजे कधी?”

मुलीने कुठेतरी काहीतरी वाचलं. “ते वाक्य चार वर्षांपूर्वीचं आहे सर.”

“आणि तुमचं पोर्टल ज्या यंत्रावर चालतं ना, त्याची सिस्टीम मोकळीच आहे. मी तपासलंय! तुमच्या घरात चालते आणि आमच्या घरातली अस्पृश्य?”

“आणखी काही मदत करू शकते का सर?” मुलगी म्हणाली. तिने आतापर्यंत काय मदत केली होती हे विचारायच्या आत फोन कटला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. ग्रंथपालाने बाह्या वर सारल्या. आधी त्याने ब्राउझरला खोटं बोलायला लावलं: कुणी विचारलं तर सांग, मी विकतच्या सिस्टीमवर आहे. पोर्टलने ते निमूट मान्य केलं आणि प्लगिन उतरवून दिलं. मग विकतच्या सिस्टीमचे प्रोग्राम मोकळ्या सिस्टीमवर चालवणारं एक दुभाषी सॉफ्टवेअर त्याने मधे बसवलं. प्लगिन उघडलं. पडद्यावर चौकोन आला, चौकोनात बाईंचा चेहरा आला आणि खाली ‘चेहरा शोधत आहे’ असं उमटलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चौकोनात बाई सुईच्या नाकात दोरा ओवताना बघतात तशा एकटक बघत होत्या, आणि प्लगिन त्यांना शोधतच होतं.

“मी इथेच आहे म्हणावं,” बाई म्हणाल्या.

साडेतीनला त्याला भलतीच गोष्ट सापडली. प्लगिन आत काय करतं हे कंपनीने गुलदस्त्यात ठेवलं होतं, पण ते पोर्टलला काय पाठवतं ते त्याला दिसत होतं. एवढा चेहरा, एवढा चौकोन, डोळे मिटा, मान वळवा, आणि सरतेशेवटी पोर्टलकडे जाणार होती एक ओळ: तपासणी झाली, होय.

“डोंगर पोखरून उंदीर!” तो खुर्चीतून उठलाच. “अगं, ही ओळ मी हाताने पाठवू शकतो. आत्ता. अर्ध्या मिनिटात.”

“कोणती ओळ?”

“तुझा चेहरा तपासला म्हणून.”

“तपासलाय का?”

“मी तपासतोय ना वीस वर्षं!”

बाई हसल्या नाहीत. “खाली काय लिहिलंय ते वाचा.”

खाली लिहिलं होतं: ‘तपासणी मान्यताप्राप्त प्लगिननेच झाली असल्याचे मी प्रतिज्ञेवर सांगते.’

“हे कुणी वाचत नाही,” ग्रंथपाल म्हणाला. असं वाक्य त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं. गल्लीत कुणी करारनामा न वाचता बटण दाबलं तर हाच माणूस तासभर प्रवचन देई.

“माझ्या वहीत जन्माची वेळ असते,” बाई म्हणाल्या. “नगराध्यक्षांच्या नातवाची वेळ दहा मिनिटं अलीकडे लिहा म्हणून माणूस आला होता, आठवतो? लिहिली का मी? मग माझ्या परवान्याचीच सुरुवात खोट्याने करू? उठा. चालणारा संगणक शोधू.”

“अगं पण—”

“माझ्या दादाच्या दुकानात चला म्हणून मी तिसऱ्या दिवशी म्हटलं होतं.”

तिसऱ्या दिवशी त्याने “तशी वेळ येणार नाही” असं सांगितलं होतं. ती येऊ नये म्हणून परिषदेला एकामागून एक चौदा पत्रंही लिहिली होती. प्रत्येकात मुद्दे क्रमवार होते. पोच एकाचीही नव्हती. अर्ज भरण्याऐवजी नऊ दिवस आपण तत्त्व भरत बसलो, हे त्याला टेबलावरच्या घड्याळाकडे बघताना पहिल्यांदा लख्ख दिसलं. पावणेचार.

“आधी जवळपास बघू,” तो म्हणाला. दादाचं दुकान त्याला सगळ्यात शेवटी हवं होतं.

खालच्या मजल्यावर शिंपी. शिंपी त्यांना बघून मशीनवरून उठला. “या मुक्तात्मा! तुम्ही ती सिस्टीम बसवून दिल्यापासून एकदा बंद पडला असेल तर शपथ.” पुढे झेरॉक्सवाली. “साहेब, विकतची? ती तुम्हीच नाही का पुसलीत? व्हायरस म्हणून नाही बघा तेव्हापासून!” औषधवाल्याने तर काउंटरपलीकडून हात जोडले. शाळेच्या कचेरीत अकरा संगणक होते. अकराही त्याने सुट्टीत दोन रविवार खपून मोकळे केले होते. मुख्याध्यापिकेने त्याबद्दल दिलेलं प्रशस्तिपत्र भिंतीवर होतं.

सहा वर्षं घरोघर जाऊन पेरलं होतं, आणि आज नेमकं ते उगवलं होतं. चालत जाता येईल एवढ्या टापूत त्याने एकही मान्यताप्राप्त यंत्र शिल्लक ठेवलं नव्हतं.

“काय पण काम केलंत,” बाई रस्त्यात म्हणाल्या. “एक घर तरी सोडायचं.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बेकरीवालीण बोलत होती. तिचा आवाज ग्रंथपालाला दोन हातांवरून ऐकू आला. “पाणी गेलं हो बाई! कधी येताय?”

“कळा किती मिनिटांनी?”

“दहा.”

“डाव्या कुशीवर झोपवा. खायला देऊ नका. मी तासाभरात येते.” बाईंनी फोन पिशवीत टाकला. “चला. दादाकडे.”

बाईंचा थोरला भाऊ चष्मेवाला होता आणि त्या दोघा पुरुषांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. रस्त्यात समोरासमोर आले की दोघांनाही आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसे. कारण असं: मेव्हण्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला ग्रंथपालाने त्याला भेट दिली होती. दुकानाची किल्ली बाईंकडून मागून घेऊन, रविवारी गुपचूप जाऊन, त्याच्या संगणकावर मोकळी सिस्टीम बसवली. जुनं सगळं त्याने नीट जपून ठेवलं होतं. फक्त आठ वर्षांतल्या गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर ज्या फाइलीत होते, ती उघडणारा प्रोग्राम विकतच्या सिस्टीमशिवाय चालत नाही, हे त्याला सोमवारी कळलं. मेव्हण्याला तेव्हाच कळलं. पुढचे सहा आठवडे त्याने अर्ध्या गावाचे डोळे फुकट तपासले. मग जुनी सिस्टीम परत बसवली आणि दारावर पाटी लावली: ‘येथे संगणकाविषयी सल्ला स्वीकारला जात नाही.’

चार वाजून बावीस मिनिटांनी दोघं त्या पाटीखालून आत शिरले.

चष्मेवाल्याने बहिणीकडे पाहिलं, तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि हातातला चष्मा पुसत राहिला. “ये गं. आणि हे? वाट चुकले?”

“दादा, तुझा संगणक हवाय. पाचपर्यंत. नाहीतर माझा परवाना गेला.”

“माझा?” चष्मेवाला म्हणाला. “पण तो विकतचा आहे. जावईबापूंना चालेल? सोवळं मोडायचं नाही ना?”

“दादा,” ग्रंथपाल म्हणाला. दोन वर्षांतला हा पहिला शब्द. “चुकलं माझं. तेव्हाही आणि नऊ दिवसांपूर्वीही.”

चष्मेवाल्याने चष्मा ठेवला. बदला घ्यायला माणूस दोन वर्षं वाट बघतो आणि समोरचा दोन वाक्यांत शरण येतो, तेव्हा जरा फसवणूक झाल्यासारखंच वाटतं. “बसा,” तो म्हणाला आणि संगणकाचं बटण दाबलं.

पडदा निळा झाला. ‘अद्ययावत होत आहे. कृपया बंद करू नका. ३४ टक्के.’

ग्रंथपालाने तोंड उघडलं.

“एक अक्षर नाही,” बाई म्हणाल्या.

त्याने तोंड मिटलं. मनातल्या मनात तो अख्खा परिच्छेद बोलून गेला, पण ओठ हलले नाहीत. छत्तीस टक्के. एक्केचाळीस. बाईंच्या पिशवीत फोन वाजला: कळा सात मिनिटांवर. बावन्न टक्क्यांवर आकडा थांबला आणि थांबूनच राहिला. चष्मेवाला यंत्राच्या पाठीवर हळूच थोपटत होता, जसं ढेकर काढायला तान्ह्याला थोपटतात. चार पस्तीस. मग आकडा एकदम शंभरावर गेला, सगळं काळं झालं आणि चार एकोणचाळीसला पडद्यावर फुलांचं चित्र उमटलं.

ग्रंथपालाने अर्ज उघडला. प्लगिन स्वतःहून उतरलं, स्वतःहून बसलं, कुठे मोडता नाही, कुठे प्रश्न नाही. नऊ दिवस ज्याच्या नावाने बोटं मोडली ते असं लोण्यासारखं आत गेलेलं बघून त्याला आनंद व्हायला हवा होता. चौकोन आला. बाई चौकोनात बसल्या.

‘एकापेक्षा जास्त चेहरे आढळले. कृपया एकट्या बसा.’

ग्रंथपाल आणि चष्मेवाला दोघेही काउंटरखाली बसले.

‘एकापेक्षा जास्त चेहरे आढळले.’

“कोण आहे अजून?” बाई ओरडल्या.

चष्मेवाल्याने खालूनच वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चष्म्याच्या दुकानात आरसे किती असावेत? चार भिंतींवर सहा, काउंटरवर दोन, आणि प्रत्येकात त्याची बहीण. शिवाय बाईंच्या डोक्यावर, पोस्टरमध्ये, सोनेरी काड्यांचा चष्मा लावून एक तरुणी सहा वर्षं न थकता हसत होती.

“झाका!”

दोघे पुरुष धावले. काचा पुसायची फडकी, चष्मेवाल्याचा कोट, बाईंची शाल, कालचा पेपर. ग्रंथपालाने स्टुलावर चढून पोस्टरमधल्या तरुणीला उलटं फिरवलं. चार सेहेचाळीस. फोन: पाच मिनिटांवर. बेकरीवालीण रडायला लागली होती आणि मागून सुनेचा आवाज येत होता, शब्द नसलेला.

“तोंडाने श्वास सोडायला सांगा. जोर लावू देऊ नका. जोर नाही!” बाईंनी फोन ठेवला.

‘काचेवर प्रकाश पडत आहे. कृपया चष्मा काढा.’

चष्मा काढला. ‘चेहरा आढळला. कृपया पुढील सहा आकडे तीस सेकंदांत मोठ्याने वाचा.’

“कुठले आकडे? मला ठिपके दिसताहेत,” बाई म्हणाल्या.

“चार, सात—” ग्रंथपालाने सुरुवात केली.

‘एकापेक्षा जास्त आवाज आढळले.’

चार एक्कावन्न. दुसऱ्या खेपेला वेळ संपला. पडद्यावर आलं: ‘शेवटचा प्रयत्न शिल्लक.’

चष्मेवाल्याने भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता ओढून काढला, पाठ वर केली, आणि जाड काळा खडू घेऊन गुडघ्यावर बसला. बहिणीला लांबचं किती दिसतं आणि जवळचं किती, हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ग्रंथपालाने मान हलवली. बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर आकडे उमटले. ग्रंथपालाने बोटांनी दाखवले, तो दाखवील तसा मेव्हणा वीतभर उंचीचा एकेक आकडा लिहीत गेला आणि तक्ता यंत्राच्या वर, उंच धरून उभा राहिला. तिघांपैकी दोघांचा श्वास बंद होता.

“नऊ. दोन. दोन. आठ. शून्य. पाच,” बाई म्हणाल्या, जन्माची वेळ सांगतात त्या आवाजात.

चौकोन हिरवा झाला.

चार त्रेपन्न. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पिशवी उचलली. “आता काय राहिलं?”

“करारनामा. मान्य करायचा.”

“माझ्या वतीने दाबा. मी सांगतेय, दाबा!” आणि त्या गेल्या. बेकरी तीन गल्ल्या पलीकडे होती. पन्नाशीला टेकलेली बाई पिशवी छातीशी धरून धावताना काचेतून दोघांना दिसली.

करारनामा एक्केचाळीस पानांचा होता. ‘मान्य’चं बटण शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय उजळत नव्हतं. ग्रंथपाल चाक फिरवू लागला. पण ज्याची नजर तीस वर्षं अक्षरावर चरली तिला आवरणार कशी? कलम सहा: कंपनी आपला चेहरा सुधारणेच्या कामी वापरू शकेल. कुणाच्या सुधारणेच्या? कलम सतरा: कंपनी कोणतेही कलम कधीही बदलू शकेल, कलम सतरासह—

“जावईबापू,” चष्मेवाला म्हणाला. “चार अठ्ठावन्न झाले.”

त्याने डोळे मिटले आणि चाक फिरवलं. बटण उजळलं. त्याने ते दाबलं. पडदा क्षणभर थांबला, मग विचारलं: ‘मी संपूर्ण करारनामा वाचला आहे. होय / नाही.’

एकोणसाठ. त्याने ‘होय’ दाबलं.

‘नूतनीकरण मंजूर,’ पडदा म्हणाला, आणि खाली एक लांबलचक क्रमांक दिला.

फडक्यांनी झाकलेल्या आरशांमध्ये दोघे बसून राहिले. चष्मेवाल्याने खडू लागलेली बोटं कोटाला पुसली. “वाचलंत?” त्याने विचारलं.

“नाही.”

“आणि होय दाबलंत.”

“दाबलं.”

“तिला सांगणार?”

ग्रंथपालाने फोन काढून समोर ठेवला. तो वाजत नव्हता. सव्वापाच झाले. साडेपाच. पावणेसहा. पुन्हा पायाळू असेल तर, या विचाराला त्याने तीनदा हाकललं. तो तीनदा परत येऊन बसला. सहाला पाच कमी असताना फोन वाजला.

“मुलगी,” बाई म्हणाल्या. आवाज थकलेला होता. “डोक्याकडून आली. नाळ गळ्याभोवती होती, पण सैल. पाच सत्तेचाळीस. झालं का तुमचं?”

“झालं. चार एकोणसाठला.”

“वहीत परवान्याचा क्रमांक लिहायचाय. सांगा.” पलीकडे तान्हं रडत होतं, चांगलं ठणठणीत. “आणि सगळं खरं भरलंत ना?”

चष्मेवाला छताकडे बघू लागला.

“एक सोडून,” ग्रंथपाल म्हणाला.

“काय सोडून?”

“करारनामा पूर्ण वाचला म्हणून दिलंय. एक्केचाळीस पानं आहेत. मी सतराव्या कलमापर्यंत पोचलो होतो.”

पलीकडे बाईंनी कुणाला तरी कोमट पाणी आणायला सांगितलं.

“तो अजून उघडतो का?”

“उघडतो. पण याच यंत्रावर. प्लगिनच्या आतच दिसतो.”

“मग बसा तिथेच आणि वाचा. पहिल्यापासून. मी क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवते. वाचून झालं की फोन करा, मग शाईने गिरवीन.”

त्याने क्रमांक सांगितला. बाईंनी तो परत वाचून दाखवला, आकडा न चुकता, आणि फोन ठेवला.

चष्मेवाल्याने उठून आपल्या कोटाखालचा आरसा उघडा केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत झाकला. खुर्ची पुढे सरकवून दिली. दिव्याची मान पडद्याकडे वळवली.

“दुकान आठला बंद होतं,” तो म्हणाला.

ग्रंथपालाने पहिलं पान उघडलं. अर्ध्या तासाने चष्मेवाला दोन कप घेऊन आला आणि एक त्याच्यासमोर ठेवला.

“कितवं?”

“नववं.”

“कसं आहे?”

“भाषा वाईट आहे,” ग्रंथपाल म्हणाला आणि दहावं उघडलं.